पंचनाम्यात तीन गोष्टी बघा: गट नंबर, पीक आणि आर

आमच्या घरात कागदांची पिशवी माझ्याकडे असते. पिशवी म्हणजे खरोखर पिशवीच, औषधाच्या दुकानातून दिवाळीला मिळालेली, चेनवाली. त्यात सातबारे, आठ अ, आधारच्या झेरॉक्स, पासबुकं आणि २०२३ च्या गारपिटीपासूनची प्रत्येक पावती. अवकाळी होऊन गेली की दुसऱ्या दिवशी चार-पाच जणी आणि दोन-तीन बाप्ये ओट्यावर येऊन बसतात. "वहिनी, पंचनाम्याला आणि सरकारी मदतीला काय काय लागतं ते सांगा ना." दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढते. आमचं गाव निफाड आणि चांदवडच्या शिवेवर आहे. नक्की कुठल्या तालुक्यात ते सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर करणार आहे आणि मला त्याच तलाठी भाऊसाहेबांकडे परत जायचं आहे.

पहिल्यांदा डोक्यातून एक काढून टाका. सरकार जे देतं त्याला आपण सगळेच नुकसानभरपाई म्हणतो, पण सरकारी कागदावर त्याचं नाव निविष्ठा अनुदान असतं. म्हणजे पुढचं बी-खत घ्यायला हातभार. तुमचं किती गेलं याच्याशी त्या रकमेचा संबंध फार थोडा. हेक्टरी दर ठरलेला असतो आणि तुमच्या बाधित क्षेत्राला तो गुणला की झालं. आमच्या दोन एकर द्राक्षाला २०२३ साली छाटणीपासून गारपिटीपर्यंत दोन लाखांच्या वर लागले होते. ती बिलं घेऊन आमचे हे तहसीलला गेले आणि तशीच घेऊन परत आले. बिलं कोणी मागतच नाही.

केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागेला २२,५०० असे दर आहेत, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी त्यात वाढ करतं, कधी परत खाली आणतं. नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीला १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे दर मिळाले आणि मर्यादा तीन हेक्टर होती. मे २०२५ अखेरीस पुन्हा जुने दर आणि दोन हेक्टर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्याने मोठं पॅकेज जाहीर केलं, तेव्हा मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार वेगळे धरले. त्यामुळे "मागच्या वेळी शेजाऱ्याला एवढे मिळाले होते" हा हिशोब धरू नका. तुमचं नुकसान कुठल्या महिन्यातलं आहे आणि त्या महिन्यासाठी निर्णय कोणता निघाला, एवढंच बघा.

दुसरी अट ३३ टक्क्यांची. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर मदत, कमी असेल तर शून्य. यातली गंमत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चाळीस टक्के गेलं काय आणि नव्वद टक्के गेलं काय, पैसे तेवढेच. आमच्या भाऊबंदांतले एक नाना कृषी सहायकाशी अर्धा तास भांडले, साठ टक्के का लिहिलं, ऐंशी लिहा म्हणून. त्या अर्ध्या तासात त्यांचा गट नंबर चुकीचा पडला तो कोणी पाहिला नाही. टक्क्यावरून भांडायचं ते फक्त समोरचा तीस लिहीत असेल तर. नाहीतर सगळा जीव तीन गोष्टींवर लावा: गट नंबर, पीक आणि क्षेत्र किती आर, म्हणजे किती गुंठे.

हे मी शिकले ते सात हजार दोनशे रुपये घालवून.

२६ नोव्हेंबर २०२३. आमचा प्लॉट ऑक्टोबर छाटणीचा, म्हणजे तेव्हा फुलोऱ्यातून पुढे सरकत होता. बागलाणातल्या अर्ली, म्हणजे लवकर छाटलेल्या बागांचा माल तर काढणीलाच आलेला. गारा पडल्या तेव्हा पत्र्यावर असा आवाज की आत शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. सकाळी प्लॉटमध्ये गेलो तर पानांच्या चाळण्या झालेल्या आणि घड खाली. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं आले. आता त्यांची पदनावं बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, पण आमच्याकडे भाऊसाहेब म्हटलं की तिघंही वळून बघतात. त्यांनी बाग डोळ्यांनी पाहिली, हळहळलेही. आमच्या त्या गटात ८० आर द्राक्ष आणि कडेला थोडा लाल कांदा. पण आमच्या ह्यांनी खरिपाच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे ॲपवर आपणच करायच्या पिकाच्या नोंदीत, फक्त कांदाच टाकला होता. द्राक्ष काय दरवर्षीच आहे, ते कशाला परत टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. मग यादीत क्षेत्र ८० आर बरोबर चढलं आणि पिकापुढे बागायत. ८० आरला २७,००० च्या दराने २१,६०० झाले. फळबाग लागली असती तर ३६,००० ने २८,८०० झाले असते. चूक आमची अर्धी आणि टाइप करणाऱ्याची अर्धी, पण गेले आमचेच.

म्हणून ई-पीक पाहणी. हे काम पाऊस पडायच्या आधीचं आहे. खरिपाची पाहणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात असते, रब्बीची डिसेंबर-जानेवारीत. ॲपमध्ये वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो, घरी बसून होत नाही. फळबाग दरवर्षी टाका, झाडं तीच असली तरी. एका गटात दोन पिकं असतील तर दोन्ही टाका आणि प्रत्येकाचे आर वेगळे लिहा, बेरीज गटापेक्षा जास्त होऊ देऊ नका. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, त्यात धरू नका. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत ॲपमध्येच एकदा दुरुस्त करता येते, पुढे तलाठ्याकडे जावं लागतं. आमच्या मळ्यात रेंज येत नाही, तर मी विहिरीच्या कठड्यावर उभी राहून करते. ज्याला जमत नाही त्याने गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला चहा पाजून करून घ्यावी.

आरचा हिशोब ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी: एक गुंठा म्हणजे एक आर, चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरचं हेक्टर. दीड एकर कांदा असेल तर ६० आर, म्हणजे ०.६० हेक्टर. १७,००० च्या दराने १०,२०० रुपये. खूपच थोडं क्षेत्र असेल तर किमान रक्कमही ठरलेली आहे, कोरडवाहूला १,०००, बागायतीला २,००० आणि फळबागेला २,५००. मोबाईलवर ही आकडेमोड करून ठेवा आणि पिशवीत एका चिठ्ठीवर लिहून टाका. पुढे स्क्रीनवर आकडा दिसेल तेव्हा ती चिठ्ठी कामाला येते. माझ्याकडे ती नव्हती.

आता पाऊस पडून गेला असं धरू. पहिल्या दिवशीच फोटो काढा, ज्यात तारीख आणि ठिकाण छापून येतं अशा कॅमेरा ॲपने. नुसता कुजलेल्या कांद्याचा जवळून फोटो काढू नका, तो कुठल्याही वावरातला असू शकतो. मागे विहीर, विजेची डीपी, घर, चाळ, जे ओळखू येईल ते फ्रेममध्ये घ्या. आणि वावर साफ करायची घाई करू नका. मला माहीत आहे, पाणी साचलेला कांदा दोन दिवस ठेवला की वास सुटतो आणि टोमॅटोवरून तर चालवत नाही. अगदीच नांगरायचं असेल तर चार वाफे कडेला तसेच ठेवा. पंचनामा करणाऱ्याला उभं पीक दिसलं पाहिजे. रिकाम्या वावराचा पंचनामा करायला भाऊसाहेब तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांचंही काही चुकत नाही.

द्राक्षवाल्यांसाठी वेगळं. गारांचा मार त्याच दिवशी दिसतो, पण नुसता पाऊस झाला असेल तर नुकसान उशिरा दिसतं. मणी तडकलेले दोन-तीन दिवसांनी कळतात, डावणी रोगाचे डाग पानावर यायला आणखी काही दिवस जातात, फुलोऱ्यातला घड कुजायला लागतो तो तर हळूहळूच. पहिल्याच दिवशी पंचनाम्याला आले आणि "बाग तर हिरवीगार आहे" म्हणाले, तर तिथे वाद घालून उपयोग नसतो. फुलोरा किंवा मणी सेटिंगची अवस्था आहे एवढं कागदावर लिहायला लावा, आणि चार दिवसांनी नवे फोटो घेऊन तलाठ्याकडे फेरपाहणीचा साधा अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पोहोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

बरं, काय काय धरत नाहीत ते. काढून चाळीत भरलेला किंवा वावरात पात कापून ढीग घालून ठेवलेला कांदा भिजला, तर तो उभं पीक नाही म्हणून सहसा बाजूला पडतो. मे २०२५ मध्ये महिनाभर पाऊस झाला तेव्हा याच्यावरून आमच्या भागात किती ओरड झाली ते तुम्हाला माहीतच आहे. द्राक्षाचा मांडव कोसळला तर तारा आणि अँगलचं स्वतंत्र काही नाही. हे बरोबर आहे असं मला मुळीच वाटत नाही. लासलगावला भाव पडला म्हणून कांदा चाळीत ठेवायचा, आणि चाळीत भिजला की तो पीकच नव्हता! पण पंचनाम्याच्या दिवशी भाऊसाहेबांवर याचा राग काढून काही होत नाही, हा निकष त्यांच्या हातात नाही.

जनावर दगावलं तर मदत आहे. दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. पण पशुवैद्यकीय डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुरू नका. वीज पडून बैल गेला आणि घरच्यांनी दुःखात संध्याकाळीच पुरला, असं आमच्या शेजारच्या वस्तीवर झालं. दाखला कशाचा देणार मग? जमीनच खरवडून गेली किंवा गाळ साचला तर त्याचे दर वेगळे आहेत, त्याचा पंचनामा पिकापेक्षा वेगळा करून मागा.

पंचनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा. घाईत असतात, एका दिवसात पन्नास वावरं बघायची असतात, समजून घ्या. तरी "भाऊसाहेब, एक मिनिट, गट नंबर बघते" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. गट नंबर, पीक, आर. मग सही, आणि सहीनंतर त्या कागदाचा मोबाईलवर फोटो. लाजू नका. आमच्याकडे तुम्ही वावरात नसाल तर कोतवालाला विचारून नाव लावतात आणि मग पिकाचा घोळ होतो, म्हणून त्या दिवशी लग्न असो की दहावा, घरातलं एक माणूस वावरात ठेवा.

पंचनामाच झाला नाही असंही होतं. अतिवृष्टी म्हणायला महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला जावा लागतो. ते मोजणारं महावेधचं केंद्र तुमच्या वावरापासून दोन कोसांवर असू शकतं, तिथे कोरडं आणि तुमच्याकडे पूर. अशा वेळी गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून एकच लेखी अर्ज तहसीलदारांना द्यावा, सोबत फोटो आणि गट नंबरांची यादी. एकट्याने गेलात तर "मंडळ बसत नाही" एवढंच ऐकून परत याल. गारपिटीला हा पावसाच्या मोजमापाचा नियम आड येत नाही, त्यामुळे गारा पडल्या असतील तर अर्जात तसं ठळक लिहा.

इथून पुढे तुमच्या हातात काही नसतं. कागद तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे, तिथून मुंबईला मदत व पुनर्वसन विभागाकडे, मग शासन निर्णय, मग याद्या. आमचे २०२३ चे पैसे आले तेव्हा आमचा उन्हाळी कांदा काढणीला आला होता. या मधल्या काळात तीन कामं करून ठेवा.

एक, फार्मर आयडी. अ‍ॅग्रिस्टॅकचा म्हणजे सरकारी शेतकरी नोंदणीचा हा अकरा आकडी क्रमांक असल्याशिवाय आता गाडं पुढे सरकत नाही. तो काढला असेल तरी तुमचे सगळे गट त्याला जोडलेले आहेत का ते बघा. माहेरकडून माझ्या नावावर आलेले वीस गुंठे दुसऱ्या तालुक्यात आहेत, ते पहिल्यांदा जोडलेच गेले नव्हते.

दोन, बँक. पैसे आधारवरून जातात, तुम्ही तलाठ्याला दिलेल्या पासबुकावरून नाही. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात पडतील असं सीडिंग असणं वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, शेवटी ज्या बँकेत फॉर्म भरला त्या खात्याला. मोबाईलवरून *९९*९९*१# लावलं की आधार नंबर टाकून कुठली बँक आहे ते कळतं, किंवा आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा. आमच्या सासूबाईंचे पैसे तीन महिने सापडत नव्हते. त्यांनी गॅस सबसिडीसाठी कधीकाळी एक खातं उघडलं होतं, ते व्यवहार नसल्याने बंद पडलेलं, आणि सीडिंग तिथेच. बँकेतला माणूस म्हणाला, आजी, तुमचं सगळं ओके आहे. ओके कसलं!

तीन, सातबारा. आधारवर ‘बाळासाहेब’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळू’ असेल तर आत्ताच दुरुस्त करा. सातबाऱ्यावर वारलेल्या माणसाचं नाव असेल तर वारस नोंद लावा, ई-हक्क या सरकारी वेबसाइटवरून अर्ज करता येतो. २०२५ च्या एप्रिल-मे मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली तेव्हा आम्ही सासऱ्यांच्या जागी नावं लावून घेतली. त्याआधी दोन वर्षं आप्पांच्या नावाने यादी निघायची आणि केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, अंगठा द्यायला आप्पा नाहीत. क्षेत्र सामाईक असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र लागतं, कोणाच्या खात्यात पैसे जावेत याचं. नमुना तलाठ्याकडे मिळतो. भावाभावांत बोलणं बंद असेल तर पाऊस यायच्या आधी कोणाला तरी मध्यस्थ घाला, नंतर ते जास्तच महाग पडतं.

मग एक दिवस गावात हाक येते की यादी लागली. यादी ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात असते आणि तुमच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, त्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं, आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर न्यायचा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उठत नाहीत, त्यांच्यासाठी ओटीपीवाला मोबाईल हवाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये फार्मर आयडी असलेल्यांना या ई-केवायसीतून सूट दिली होती, तेव्हा जायच्या आधी विचारा, तुम्हाला लागते का. उगाच रांग नको.

स्क्रीनवर तुमचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. इथेच चिठ्ठी काढायची आणि ताडून बघायची. मागे रांग असते, केंद्रवाला पोरगा म्हणतो "काकू, बरोबर आहे ना, करू का?" आणि आपण हो म्हणतो. मी हो म्हटलं. घरी येऊन गुणाकार केला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी तहसीलला गेले तर, "तुम्ही मान्य केलंय वहिनी, आता काय करणार." माहिती चुकीची असेल तर मान्य करू नका, तिथेच अमान्य करून तक्रार टाकता येते. ती तहसीलकडे जाते आणि दुरुस्त होऊन परत येते. वेळ लागतो. पण एकदा मान्य केलेलं फिरवायला त्याहून जास्त लागतो, माझं तर फिरलंच नाही. काही झालं तरी पावती छापून घ्या.

पैसे आले आणि बँकेने सोसायटीच्या किंवा पीककर्जाच्या थकबाकीत वळते केले, तर शासन निर्णय मोबाईलवर उघडून मॅनेजरला दाखवा. मदतीची रक्कम कर्जात वळती करू नये, असं त्यात लिहिलेलं असतं. तोंडी नाही, लेखी अर्ज, आणि त्याची प्रत तहसीलला. आमच्या गल्लीतल्या एकाचे असे चौथ्या दिवशी परत जमा झाले.

पीकविमा हे या सगळ्यापासून वेगळं खातं आहे. सरकारी मदतीचा पंचनामा झाला म्हणजे विम्याचं काम झालं असं नाही, आणि उलटही नाही. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. द्राक्षाचा विमा हवामानावर आधारित, त्याचे नियम आणखी निराळे. तो विषय मोठा आहे, त्यावर यांना लिहायला सांगेन, त्यांनी त्यात माझ्यापेक्षा जास्त चकरा मारल्या आहेत.

आणि काहीच हलत नसेल तर? आधी तहसीलमधल्या नैसर्गिक आपत्तीचं काम बघणाऱ्या टेबलावर जा, व्हीके नंबर आणि पावती घेऊन. साहेबांना भेटायचा हट्ट नको, यादी क्लार्ककडेच असते. तिथे दोनदा जाऊन उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. "माझ्या गट क्रमांक अमुकच्या पंचनाम्याची प्रत आणि यादीतील नोंद मिळावी", एवढंच लिहा. तक्रार, इतिहास, राग काही नको. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या अनुभवात तर अर्ज पोहोचल्यावर आठव्या दिवशीच फोन आला, "वहिनी, कशाला माहिती अधिकार वगैरे, यायचं ना सरळ." सरळ मी तीन वेळा गेले होते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तो रस्ताही आहे, पण त्याला आधीच्या अर्जांच्या पोहोच लागतात. त्या पिशवीत असतील तरच नाशिकला जायचं भाडं घाला.